पान दिसतं तसं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेबपेज कसं बनवावं, या विषयावर आपल्या पत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात दोन पत्रं आली. एका वाचकांचं म्हणणं असं की, आता माउसने ओढायचं, रंग निवडायचा, की पान तयार. तरुणांनी एचटीएमएल, म्हणजे वेबपेज ज्या खुणांनी लिहितात ती भाषा, शिकण्यात दिवस घालवू नयेत. दुसऱ्यांचं म्हणणं नेमकं उलट. ज्याला टॅग, म्हणजे त्या भाषेतल्या कंसातल्या खुणा, लिहिता येत नाहीत त्याने वेबपेजच्या वाटेला जाऊ नये, माउसने पान मांडून देणारा व्हिज्युअल एडिटर म्हणजे पांगुळगाडा. मी एका वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. त्यातली अठरा वर्षं वाचनालयाचं वेबपेज माझ्या हातात होतं, आधी बारा वर्षं व्हिज्युअल एडिटरमधून आणि नंतर सहा वर्षं हाताने कोड लिहून. दोन्ही प्रकारांत माझ्या हातून चुका झाल्या आणि त्या दुसऱ्यांना भोगाव्या लागल्या. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. जागेअभावी कापायचं झालं तर इतिहासाचा भाग कापा, गुरुजींचा कापू नका.

१९९९ साली आमच्या वाचनालयात पहिला संगणक आला आणि त्याच्याबरोबर एक व्हिज्युअल एडिटर आला. मला टॅग म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पण टाइप केलेलं अक्षर ठळक करता येतं, चौकट ओढून हवी तिथे ठेवता येते, हे पाहिल्यावर मी तीन दुपारींत पान उभं केलं. डावीकडे नवीन पुस्तकांची यादी, उजवीकडे वेळा आणि सूचना, वर किरमिजी अक्षरांत वाचनालयाचं नाव. 'चरित्र', 'कथा-कादंबरी', 'बालसाहित्य' हे विभाग मी अठरा पॉइंटात ठळक केले. पान पडद्यावर नेटकं दिसत होतं आणि पुढची बारा वर्षं दर महिन्याला मी त्यात नवी नावं घालत राहिले. तो एडिटर नसता तर हे पान झालंच नसतं, हे मला आधी सांगितलं पाहिजे. पांगुळगाडा म्हणणाऱ्या वाचकांना माझं पहिलं उत्तर हेच.

दुसरं उत्तर थोडं जुनं आहे. 'खरी वेब हातानेच लिहिली गेली' असं त्यांनी लिहिलं आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो ब्राउझरही होता आणि एडिटरही. पान वाचता वाचता त्याच खिडकीत मजकूर बदलायचा, शब्द निवडायचा आणि त्याला लिंक जोडायची. टॅग टाइप करत बसायची गरज तिथे नव्हती. पण तो नेक्स्ट नावाच्या संगणकावरच चालायचा आणि तो संगणक फार थोड्यांकडे होता. बाकीच्या जगात जे ब्राउझर पोचले, १९९३ चा मोझॅक त्यातलाच, ते फक्त वाचायचे होते. लिहिण्याची सोय मागे राहिली, म्हणून लोकांनी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टॅग टाइप करायला सुरुवात केली. म्हणजे हाताने लिहिणं हा वेबचा मूळ धर्म नव्हता. अडचणीतून पडलेली ती रीत होती, आणि पुढे तिच्यातून पुष्कळ चांगलं निघालं.

आणि पहिल्या पत्रलेखकांसाठी अजून एक जुनी गोष्ट. 'जे दिसतं तेच मिळतं' हे व्हिज्युअल एडिटरचं ब्रीद वेबवर जन्मलेलंच नाही. १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राव्हो नावाचा एडिटर केला. पडद्यावर मांडणी जशी दिसेल तशी ती कागदावर छापून यावी, हा त्यामागचा विचार. कागदाच्या बाबतीत ते वचन खरं ठरतं, कारण छापलेला कागद सगळ्यांच्या हातात सारखाच जातो. वेबपेजचं तसं नाही. माझ्या पडद्यावर ते सतरा इंची असतं, दुसऱ्याच्या फोनवर चार बोटं रुंद, तिसरा अक्षरं तिप्पट करून वाचतो, आणि चौथ्याला ते दिसतच नाही. एडिटर मला दाखवत होता ते फक्त माझं पान. हे मला बारा वर्षं कळलं नाही.

ते कळलं २०११ मध्ये, गुरुजींमुळे. ते शाळेत व्याकरण शिकवायचे आणि निवृत्तीनंतर आमचे रोजचे वाचक होते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली आणि त्यांचं येणं थांबलं. वर्षभराने ते सुनेचा हात धरून आले, काखेत लॅपटॉप. त्यावर त्यांनी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, घालून घेतला होता. मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने २००६ मध्ये सुरू केलेला, फुकट मिळणारा. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमचं पान मला ऐकू येत नाही. म्हणजे येतं, पण लागत नाही. जरा बसता का माझ्याशेजारी?"

मी बसले. त्यांनी आमचं पान उघडलं आणि एच हे अक्षर दाबलं. स्क्रीन रीडरमध्ये एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. डोळस माणूस पानावरून नजर फिरवून 'चरित्र' कुठे आहे ते शोधतो, तेच काम गुरुजी एच दाबून करतात. यंत्र म्हणालं, पुढे शीर्षक नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुढे शीर्षक नाही. माझ्या डोळ्यांसमोर अठरा पॉइंटांतली सात ठळक शीर्षकं होती आणि यंत्र सांगत होतं, एकही नाही.

मग त्यांनी सगळं पान वरून खाली ऐकवलं. एका पुस्तकाचं नाव आलं, त्याला लागून वाचनालयाची सकाळची वेळ, मग लेखकाचं नाव, मग 'पावसाळ्यात पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत आणावीत', मग दुसरं पुस्तक. डावा आणि उजवा रकाना एकमेकांत मिसळून गेले होते. मधे मधे 'रिकामी ओळ, रिकामी ओळ'. वाचनालयाच्या चित्राच्या जागी कॅमेऱ्याने फाइलला दिलेला आकडा. गुरुजी शांतपणे ऐकत होते. त्यांना त्याची सवय झाली होती. मला ते संपेपर्यंत बसवेना.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स, म्हणजे पानामागे लिहिलेला कोड, उघडला. बारा वर्षं मी जे पान बनवलं असं समजत होते, ते आत असं होतं: टेबलाच्या आत टेबल, त्याच्या आत आणखी एक. मी चौकटी ओढून शेजारी शेजारी ठेवल्या, एडिटरने त्या टेबलाच्या ओळींत कोंबल्या, आणि टेबल ओळीने वाचलं जातं म्हणून रकाने मिसळले. 'चरित्र' हा शब्द शीर्षक नव्हता. तो साधा परिच्छेद होता, त्याला फॉन्ट टॅग लावून आकार वाढवलेला आणि वर ठळकपणा. यंत्राच्या दृष्टीने तो 'पिशवीत आणावीत'इतकाच महत्त्वाचा. जिथे मी मोकळी जागा हवी म्हणून एंटर दाबला होता तिथे रिकामा परिच्छेद. जिथे स्पेसबार दाबून शब्द सरकवला होता तिथे चौदा न तुटणाऱ्या स्पेस, कारण एचटीएमएलमध्ये साध्या स्पेस कितीही दिल्या तरी एकच धरली जाते आणि एडिटरला माझी हौस पुरवायची होती. सगळ्याला ठरलेली रुंदी ७६० पिक्सेल. त्यामुळे फोनवर पान आडवं सरकवावं लागायचं. हीही तक्रार दोघा-तिघांनी केली होती आणि मी ती त्यांच्या फोनची समजले होते.

मला सगळ्यात लागली ती फॉन्ट टॅगची गोष्ट. शीर्षकाचे टॅग, मुख्य शीर्षकाच्या एच-वनपासून सगळ्यात खालच्या पायरीच्या एच-सिक्सपर्यंत, हे एचटीएमएलमध्ये १९९१ पासून आहेत. बर्नर्स-लींनी टॅगची जी पहिली यादी लिहून काढली तिच्यात वीससुद्धा टॅग नव्हते, चित्राचा टॅग नव्हता, पण शीर्षकाचे होते. रंग, आकार असं रूप मजकुरापासून वेगळं लिहून ठेवण्याची भाषा, सीएसएस, १९९६ च्या डिसेंबरात ठरली. फॉन्ट टॅग टाळावा, असं १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे १९९९ मध्ये मी पान बनवायला बसले तेव्हा योग्य रीत ठरलेली होती. एडिटरच्या यादीत 'हेडिंग २' हा पर्यायही होता. फक्त तो यादीच्या पोटात होता, आणि ठळक करण्याचं बटण वरती मोठं होतं. मी बटण दाबलं. मला कोणी विचारलं नाही की बाई, हे शीर्षक आहे का नुसतं मोठं अक्षर?

ग्रंथपालाला हा फरक सांगावा लागू नये. पुस्तक कपाटात कुठे आहे हे त्याच्या कव्हरच्या रंगावरून कोणी ठरवत नाही. वर्गांक असतो, तालिकेत नोंद असते. कव्हर फाटलं, नवं घातलं, तरी पुस्तक सापडतं. मी आयुष्यभर हजारो पुस्तकांचे वर्गांक घातले आणि स्वतःच्या पानाला नुसतं कव्हर चढवलं.

मग मी शिकले. रोज वाचनालय बंद झाल्यावर एक तास. आधी साधा सांगाडा: पानाचं नाव, मुख्य मजकूर, शीर्षकं, परिच्छेद, यादी. पुस्तकांची यादी ही खरोखरच यादी असते आणि तिच्यासाठी टॅग आहे, याचा मला झालेला आनंद लिहून सांगता येणार नाही. सात आठवड्यांनी पान नव्याने लिहून झालं. जुन्या फाइलचं वजन ९६ किलोबाइट होतं, नवीचं ११. मजकूर तोच. गुरुजींना फोन केला. त्यांनी घरूनच उघडलं, एच दाबत गेले आणि फोनवर मला मोठ्याने सांगत गेले: "नवीन पुस्तकं. कथा-कादंबरी. चरित्र. थांबा हं, चरित्रात जरा वाचतो." आणि फोन बाजूला ठेवून ते वाचत बसले. मी तशीच धरून बसले होते.

इथे दुसऱ्या पत्रलेखकांना वाटेल की बाई आपल्या बाजूला आल्या. पुढची सहा वर्षं त्यांनी वाचावीत.

हाताने लिहिताना मीही चुकत होते, आणि ब्राउझर माझ्या चुका पोटात घालत होते. ठळकपणाचा टॅग मिटायचा राहिला आणि पानाचा खालचा अर्धा भाग ठळक झाला, ती चूक दिसली तरी. एकदा लिंकमधलं अवतरण चिन्ह मिटायचं राहिलं आणि पुढच्या दोन ओळी पानावरून नाहीशाच झाल्या. कोणाच्या लक्षात येईपर्यंत चार दिवस गेले. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या तपासणी यंत्रात पान घालून बघण्याची सवय मला त्यानंतर लागली. वर्षअखेरीच्या तक्त्यात दोनशे-सव्वादोनशे ओळी, प्रत्येक ओळीत पाच खाने, प्रत्येक खाना उघडायचा आणि मिटायचा. हे काम माणसाने करायचं नाही, हे मला मनगट दुखल्यावर समजलं. ते स्प्रेडशीटमधून आपोआप निघू शकतं.

पण खरी चूक वेगळी होती. मी ते पान फक्त माझ्यासाठी सोपं केलं होतं. २०१७ मध्ये मी निवृत्त झाले आणि माझ्या जागी एक तरुण मुलगी आली. पुस्तकांची उत्तम जाण असलेली, वाचकांशी गोड बोलणारी. मी तिला दोन तासांत सगळं 'समजावलं' आणि घरी आले. काही महिन्यांनी संध्याकाळची बंद व्हायची वेळ सातवरून सहावर आली. पानावर सात तशीच राहिली. सात महिने राहिली. लोक साडेसहाला येऊन बंद दारावरून परत जात होते. एक आजोबा नातवाला घेऊन दोनदा परत गेले. मी तिला विचारलं तेव्हा ती रडवेली झाली. "मॅडम, फाइल उघडली की नुसत्या खुणाच दिसतात. मी हात लावला आणि सगळं मोडलं तर? तुमचं एवढं मेहनतीचं पान."

तिची चूक नव्हती. जे पान एकाच माणसाला दुरुस्त करता येतं ते त्या माणसाबरोबर बंद पडतं. गुरुजींना एचवर शीर्षकं मिळत होती, पण बंद व्हायची वेळ खोटी मिळत होती. आतून किती का शुद्ध असेना, जुनी वेळ सांगणारं पान वाचकाला फसवतं. हाताने लिहिण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्यानंतर कोण, याचं उत्तर आधी द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही तिघं, म्हणजे ती, गुरुजी आणि मी, २०१९ मध्ये पुन्हा बसलो. तोवर वर्डप्रेस या वेबपेज बनवायच्या साधनामध्ये ब्लॉक एडिटर आला होता. डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून तो त्यात आहे. जुन्या एडिटरपेक्षा त्याची घडण मला वेगळी वाटली. तो आधी विचारतो की तुला काय घालायचं आहे: परिच्छेद, शीर्षक, यादी की चित्र? घातलेल्या शीर्षकांचा आराखडा बाजूला दाखवतो आणि पायरी चुकली तर खूण करतो. चित्र घातलं की वर्णनाचा रकाना समोर येतो. माझ्या तरुण मैत्रिणीला तो एका दुपारी जमला. सूचना आणि वेळा आता ती बदलते, कधीकधी दिवसातून दोनदा.

तरीही सोर्स वाचता येणारं माणूस लागलंच. आम्ही निवडलेला तयार साचा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. त्यात शीर्षकांच्या अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं होतं. रोमन अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडत होत्या. आणि जे दिसत नव्हतं ते त्याहून वाईट होतं. पानाची भाषा इंग्रजी आहे असं साच्याने पहिल्याच टॅगमध्ये लिहून ठेवलं होतं. त्यामुळे गुरुजींच्या यंत्राने मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली केला आणि कानावर शब्द म्हणून काही येईना. तिथे 'ईएन' काढून 'एमआर' लिहायचं होतं. दोन अक्षरं. पण ती कुठे लिहायची हे माहीत असणारं कोणीतरी हवं होतं. एडिटरच्या पडद्यावर पान आधी आणि नंतर हुबेहूब सारखंच दिसत होतं.

ब्लॉक एडिटरनेही माणूस चुकायचा थांबत नाही. माझी तरुण मैत्रीण सुरुवातीला सगळीकडे 'हेडिंग ४' निवडायची, कारण त्याचं अक्षर तिला नाजूक वाटायचं. मी तिला रागावले नाही. मी तिला गुरुजींशेजारी बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि एच दाबायला सांगितलं.

आता माझ्या पत्रातली जी गोष्ट दोन्ही पत्रलेखकांच्या मनात आली नसावी असं मला वाटतं, ती सांगते. व्हिज्युअल एडिटर सगळ्यांना सोपा, असं दोघंही गृहीत धरतात. एक त्याबद्दल त्याची स्तुती करतात, दुसरे त्याच कारणासाठी त्याला कमी लेखतात. गुरुजींना तो सोपा नाही. आमच्याकडच्या जुन्या मासिकांची लेखसूची वेबवर यावी अशी त्यांची फार इच्छा होती आणि ती आपणच करायची असा हट्ट. आम्ही आधी त्यांना ओढून मांडणी करायचा एक एडिटर देऊन पाहिला. त्यात सगळं काही माउसने धरायचं आणि सोडायचं. स्क्रीन रीडरला त्या पडद्यावर 'बटण, बटण, नाव नसलेलं बटण' एवढंच मिळत होतं. दोन दिवसांनी गुरुजी म्हणाले, "यात माझ्यासाठी कडीच नाही दाराला."

मग मी त्यांना नोटपॅड उघडून दिलं. कोरी फाइल. त्यांनी स्क्रीन रीडरमधली विरामचिन्हांची पातळी 'सर्व'वर नेली, म्हणजे प्रत्येक कंस आणि प्रत्येक तिरकी रेघ यंत्र उच्चारून सांगतं. उघडणारा टॅग आणि मिटणारा टॅग हे त्यांना अवतरण चिन्हांसारखं लगेच कळलं. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत न मिटलेली अवतरणं त्यांनी शोधली होती. तीन आठवड्यांत त्यांना शीर्षक, यादी, लिंक आणि साधं टेबल येत होतं. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ते आणि मी बरोबरीचे आहोत. तिथे असं काहीच नाही जे मला दिसतं आणि त्यांना ऐकू येत नाही. सून मासिकांची अनुक्रमणिका वाचून दाखवते, ते टाइप करतात. गेल्या वर्षअखेर त्या सूचीत एकतीसशेवर नोंदी झाल्या होत्या आणि तपासणी यंत्राने काढलेल्या चुका माझ्या सहा वर्षांतल्या कुठल्याही पानापेक्षा कमी होत्या.

डब्ल्यूथ्रीसीने पानं बनवणाऱ्या साधनांसाठी मार्गदर्शक तत्त्वं केलेली आहेत, त्यांची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०१५ मध्ये आली. तिचे दोन भाग आहेत. साधन अपंग लेखकालाही वापरता आलं पाहिजे, हा पहिला, आणि त्यातून निघणारं पान अपंग वाचकापर्यंत पोचावं यासाठी साधनाने लेखकाला मदत केली पाहिजे, हा दुसरा. आपण वेबपेज बनवायचं साधन निवडताना साच्यांची संख्या बघतो, रंग बघतो. हे दोन प्रश्न कोणी विचारत नाही. मला आज कोणी सल्ला मागितला तर मी आणखी तीन गोष्टी बघायला सांगते. शीर्षक करायचा पर्याय ठळक करायच्या बटणाइतका हाताशी आहे का. उद्या ते साधन बंद पडलं तर पान साध्या एचटीएमएल फाइलच्या रूपात बाहेर काढता येतं का. माझा जुना एडिटर बंद पडला तेव्हा त्याच्या खास खुणा दुसऱ्या कुठल्याच साधनाला नीट कळत नव्हत्या. आणि पानाच्या आत काय लिहिलं गेलं, ते ते साधन दाखवतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर मी ते घेऊ नका म्हणते, ते कितीही देखणं असो.

अलीकडे आपण सांगू तसा कोड लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. माझ्या नातीने परवा एक पान तसं करून दाखवलं, झरझर. मी सोर्स उघडला. शीर्षकं ठीक होती. पण 'पाठवा' हे बटण साध्या चौकटीला रंग देऊन केलेलं होतं. माउसने दाबता येत होतं, पण माउसशिवाय, कळफलकावरची टॅब दाबत गेलं तर त्याच्यावर थांबत नव्हतं. मी तिला ते दाखवलं, तिने यंत्राला सांगितलं, यंत्राने दुरुस्त केलं. हे तिला कोण सांगणार होतं, एवढंच मी त्या दिवशी तिला विचारलं. ती आता माझ्याकडे रविवारी टॅग शिकायला येते.

म्हणून पहिल्या पत्रलेखकांना माझी विनंती आहे की एचटीएमएल शिकू नका असं तरुणांना सांगू नका. सगळं पान हाताने लिहायला शिकायची गरज नाही, हे मला मान्य. पण आपण दाबलेल्या बटणाने आत काय लिहिलं ते वाचता आलं पाहिजे. तेवढ्यासाठी दोन-तीन आठवडे पुरतात; गुरुजींना सत्तरी ओलांडल्यावर पुरले. आणि दुसऱ्या पत्रलेखकांना विनंती अशी की माझ्या त्या तरुण मैत्रिणीला 'वेबपेजच्या वाटेला जाऊ नको' असं म्हणू नका. तिच्यामुळे आमच्या वाचनालयाच्या वेळा आज खऱ्या आहेत.

आपल्याकडेही एक मागणं आहे, संपादक महोदय. गुरुजी आपला अंक आता छापील घेत नाहीत. रोज सकाळी सात वाजता ते आपली वेबआवृत्ती फोनवर ऐकतात. बातम्यांची शीर्षकं त्यांना नीट मिळतात, त्याबद्दल त्यांनी आभार कळवायला सांगितले आहेत. पण छायाचित्राच्या जागी नुसता मोठा आकडा वाचला जातो. छायाचित्राखालची ओळ तर आपला उपसंपादक रोज लिहितोच. चित्र चढवताना तिथेच आल्ट मजकुराचा रकाना असतो. चित्रात काय आहे हे त्यात एका वाक्यात लिहिलं तर ते गुरुजींना ऐकू येईल. परवा पहिल्या पानावर पुराचं मोठं छायाचित्र होतं म्हणे. त्यात काय दिसतंय, हे त्यांनी मला फोन करून विचारलं. मी सांगितलं, पण आपल्या छायाचित्रकाराने जे पाहिलं ते मला तितकंसं सांगता आलं नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल